बाह्यांतला कापूस

नात मैत्रिणींबरोबर मनालीला जाणार म्हणून तिनं एक फुगीर जाकीट मागवलं. ते घालून आरशासमोर दोन गिरक्या घेतल्या आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"आजी, कशी दिसते?"

मी म्हटलं, "आधी हात वाकव."

तिनं वाकवला.

"आता बंदूक धरल्यासारखं कर."

तिनं आईकडे पाहिलं, आईनं माझ्याकडे. म्हातारीचं फिरलं, हे दोघींच्या तोंडावर इतकं स्वच्छ लिहिलं होतं की वाचायला मला चष्मा लागला नाही. मग मी सांगितलं, की बाई गं, तुझ्या आजीनं एकेकाळी फौजेसाठी कोट शिवले आहेत. दोघी हसल्या. मीही हसले. त्या पोरीवर मी आयुष्यभर हसत आले आहे. त्या पोरीवर म्हणजे अठरा वर्षांच्या माझ्यावर.

चीनच्या लढाईचा हिवाळा होता तो. तोफा थांबल्या असं रेडिओ सांगायचा, पण थांबल्यासारखं कुणी वागत नव्हतं. फौज नव्यानं बांधायची, पहाडातल्या थंडीत टिकतील असे कपडे, बूट, बंदुका तिला द्यायच्या, हेच जिकडेतिकडे. खामगावात चहाच्या टपरीवर बसलेला माणूससुद्धा बशीतला चहा फुंकत फौजेत काय काय बदलायला पाहिजे ते सांगायचा. माझे हे त्याच फौजेत साधे शिपाई होते. लग्नाला दीड वर्ष झालेलं, त्यात आम्ही एकमेकांना जेमतेम दोन रजांपुरतं पाहिलेलं. पत्र यायचं थांबलं होतं. सासूबाई देवापुढून उठत नव्हत्या. आणि मी? मला तेव्हा सगळं येत होतं. आता रोज काहीतरी येईनासं होतं, तेव्हा मात्र सगळं येत होतं.

आमच्या गल्लीतल्या मास्तरीणबाईंनी बायका गोळा केल्या. जवानांसाठी लोकरीचे स्वेटर विणून पाठवायचे, असं ठरलं. आता आमच्या गावात विणायच्या सुया होत्या त्या एकट्या मास्तरीणबाईंकडे, आणि लोकर कुणाकडेच नव्हती. बायका एकमेकींकडे पाहत बसल्या. तेव्हा मी उठले.

"लोकर नाही तं नाही. कापूस तं हाये नं! रजई अंगावर घेता येते, मंग अंगात काऊन नाही घालता येणार?"

बायकांनी माना डोलावल्या. आमचं घर कापसाच्या जिनिंगच्या मागं होतं. हंगामात वरणावरचा कापूस काढून जेवायचं, अशी गल्ली. जिनिंगच्या शेठनं सरकी काढलेला कापूस दिला, एका कापडवाल्यानं खाकी तागे दिले, आणि मारुतीच्या सभामंडपात माझी पलटण उभी राहिली. हो, पलटणच. कापणाऱ्या एका बाजूला, भरणाऱ्या मधे, टाके घालणाऱ्या खांबाशी. ह्यांनी मागच्या रजेत गंमत म्हणून शिकवलेलं 'सावधान' मी माझ्या दुप्पट वयाच्या बायकांना देत होते. आणि त्या ऐकत होत्या, हे विशेष.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. लेकीच्या आंदणात गादी देतात, आणि ती सासरी आली की चार बायका तिच्यावर तळहात दाबून पाहतात. हाताला खालची जमीन लागली की माहेरची अब्रू गेली. त्यामुळे वऱ्हाडातली बाई कापूस भरायला बसली की तिचा हात आखडत नाही. मी तर कोटांवरून फिरून स्वतः दाबून पाहायचे. "अवं, हा कोट हाये का पापड? भरा आखीन!" बाह्यांत तर बोटांनी ठासून ठासून भरलेला. जवानांच्या अंगावर पातळ कोट गेला तर खामगावची काय शोभा राहील?

अशात एका सकाळी खांद्यावर ट्रंक घेऊन हे दारात उभे. सासूबाई रडल्या, दृष्ट काढली, आणि रडता रडताच चुलीकडे पळाल्या. ह्यांच्या गालांची सालं निघालेली होती, उन्हात राबल्यासारखी, पण ते ऊन नव्हतं, पहाडातला बर्फ होता. ह्यांच्या पलटणीत जुने मूठभरच उरले होते. आता तिच्यात नवी पोरं भरती करत होते, नव्या बंदुका, नवे बूट येत होते, आणि ती बांधून होईपर्यंत उरलेल्यांना थोडी रजा दिली होती. परत गेल्यावर नव्या पोरांना ह्यांनीच शिकवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी हे ओट्यावर उन्हात बसले होते. उजव्या हाताची मूठ उघडत होते, मिटत होते. मी कात्री घेऊन निघाले.

"कुठी चालली वं?"

"फौजेचं काम हाये."

"फौज तं इथी बसली हाये."

"तुमी एकटे हा. मले सगळ्यांचं पाहा लागते."

हे हसले. मग म्हणाले, "बस नं जराशी. तुले एक सांगाचं हाये."

"संध्याकाळी सांगा."

संध्याकाळी मीच बोलले. किती कोट झाले, कुणाचे टाके वाकडे पडतात, मास्तरीणबाई माझं कसं कौतुक करतात. हे ऐकत होते, मूठ उघडत, मिटत. मी विचारलं, "कापूस येचून राह्यले का तुमी?" मला फार विनोदी बोलता येतं, असाही माझा तेव्हा समज होता.

कोट न्यायला ट्रक यायचा त्याच्या आदल्या दिवशी मास्तरीणबाई म्हणाल्या, "अगं, तुझ्याकडे खराखुरा शिपाई आहे. एकदा त्याच्या अंगावर घालून तरी बघू." मी मिरवत ह्यांना मंडपात घेऊन आले. सगळ्यांत गुबगुबीत कोट निवडला. दोघींनी मिळून तो त्यांच्या अंगात चढवला. गुंड्या लावल्या. आणि ह्यांचे दोन्ही हात जे आडवे राहिले ते खाली येईनात.

"अवं माय," भरणाऱ्यांतली एक म्हातारी ओरडली, "हे तं वावरातलं बुजगावणं!"

ह्यांनी चेहरा जरासुद्धा न हलवता म्हटलं, "बरं झालं. चिनी पाखरं तरी भेतीन."

बायकांनी पदर तोंडात कोंबले. कुणीतरी बंदूक म्हणून काठी दिली. ह्यांनी ती खांद्याला लावू पाहिली, कोपर वाकेना. पुन्हा पाहिली. मंडप खदाखदा हसत होता. आल्यापासून पहिल्यांदा हेही हसले. तिसऱ्यांदा काठी उचलली तेव्हा मात्र हसत नव्हते. काठी खाली आली. उजव्या हाताची बोटं उघडली, मिटली.

"तिथी बी असंच झालं," हे म्हणाले. "माह्या बाजूले एक जण होता. बोटंच वाकेना त्याची. बंदुकीचा घोडा ओढाले गेला, अन्..."

टाके घालणारीची सुई कापडात अर्धी तशीच राहिली. हे इतक्या बायकांत उभे होते, पण पाहत होते फक्त माझ्याकडे. 'एक सांगाचं हाये' म्हणाले होते ते हेच, हे आता कोणालाही कळेल. मला त्या वेळीही कळलं होतं.

मी टाळ्या वाजवल्या.

"चला बायांनो! समद्या बाह्या उसवा! अर्धा कापूस काढा. उद्या ट्रक येते!"

हे क्षणभर तसेच उभे राहिले. मग माझ्याकडे हात पुढे केला, म्हणजे तो पुढेच होता, आणि म्हणाले, "उसव." मी त्यांच्या अंगावरच बाही उसवली. कापूस त्यांच्या पायांशी पडत गेला. नंतर हे बायकांत मांडी घालून बसले आणि बाह्यांतला कापूस काढू लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांचीही गाडी होती. सासूबाई स्टेशनवर गेल्या. मी ट्रकला नारळ फोडायला थांबले. ते कोट कुठं गेले, कुणाच्या अंगावर चढले की नुसते गोदामात पडले, मला कधी कळलं नाही. कामाची घाई दाखवली की ऐकावं लागत नाही, एवढं मात्र मी त्या मंडपात शिकले, आणि त्या विद्येवर पुष्कळ वर्षं संसार चालवला.

हे परत आले. सेवा पुरी करून आले, घर बांधलं, पोरं मोठी केली. भर मे महिन्यातसुद्धा ओट्यावर बसून मूठ उघडायचे, मिटायचे. पोरं त्यांची नक्कल करायची. एकदा शेगावहून दर्शन करून परतताना स्टेशनच्या बाकावर मी विचारलं, "तवा मंडपात काय सांगत होते तुमी?"

हे डोळे बारीक करून म्हणाले, "झाल्या का तुह्या बाह्या उसवून?"

मी चिडले, हे हसले. पुढे जेव्हा जेव्हा विचारलं तेव्हा हेच उत्तर. घरात ती थट्टाच होऊन बसली. पोरांना वाटे, आईबाबांची काहीतरी गोड जुनी गंमत आहे.

शेवटच्या आजारपणात एका दुपारी मी त्यांच्या खाटेवर बसले. त्यांची मूठ माझ्या हातात घेतली. ती माझ्या हातातही उघडत होती, मिटत होती. म्हटलं, "झाल्या. समद्या बाह्या उसवून झाल्या. आता सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "थो माह्या बाजूचा, गाणं लय वाईट म्हणे."

आणि हसले. मीही हसले. मला वाटलं, सुरुवात झाली, आता उद्या पुढचं सांगतील. त्यांना झोप लागली. पुढे चार दिवस होते ते, पण बोलणं उरलं नव्हतं.

हे सगळं सांगून झालं तेव्हा नात जाकीट काढत होती. एक हात बाहेर, एक बाहीत. तशीच थांबून तिनं विचारलं, "कोणतं गाणं म्हणायचा गं तो?"

मी तिची रिकामी बाही हातात घेतली आणि शिवण चाचपत बसले. शिवण चांगली होती.