पुठ्ठे नसलेल्या कादंबऱ्या

"मागल्यान ये गो. पुढे लोक बसलेत," भाटकारांच्या घरच्या वयनी म्हणाल्या.

मी पुढच्या पायरीवर उभी होते. अंगावर कॉलेजच्या निरोप समारंभाला घेतलेली साडी. मी काही कामाला आले नव्हते, मला बोलावणं होतं. गावातल्या निवृत्त मास्तरांनी वाचकांची बैठक सुरू केली होती. ज्यानं त्यानं आपली आवडती कादंबरी सांगायची. त्या खेपेची बैठक भाटकारांच्या सोप्यावर होती. मास्तर स्वतः आमच्या घरी येऊन म्हणाले होते, "तू ये. तू वाचतेस ते मला ठाऊक आहे."

एवढं वयनींना सांगायला किती वेळ लागतो? पण पाय आपोआप वळले. घराला वळसा घालून मी मागच्या पडवीत गेले. तिथं आई भांडी घासत बसली होती.

आम्ही कोरगावचे. भाटकारांचे मुंडकार. म्हणजे जमीन त्यांची, तिच्यावर मातीचं घर आमचं, आणि तिथं राहू देतात म्हणून त्यांच्या घरची कामं आमची. लग्न असो, बारसं असो, गणपतीची चवथ असो. आईला कुणी बोलवायचं नाही. तिनं जायचंच, असं ठरलेलं. बाबा डिचोलीकडे खनिजाच्या ट्रकवर होते. खाणी बंद पडल्या तसे परत आले आणि भाटकारांच्याच भाटात, म्हणजे बागायतीत, काजू वेचू लागले.

माझं वाचन त्याच घरातून आलं. कुणी हातात दिलं म्हणून नव्हे. चवथीआधी त्यांच्या माळ्यावरची साफसफाई व्हायची. वाळवी लागलेली पुस्तकं मागच्या अंगणात जाळायला टाकायचे. आई ती आमच्या चुलीसाठी आणायची. पुठ्ठा चांगला पेटतो, म्हणून पुठ्ठे आधी जायचे. मग पहिली पानं. आईला अक्षर येत नाही. आपण पुस्तकाचं नाव जाळतोय हे तिला कळायचं कारण नव्हतं. मी चुलीपुढं बसून उरलेलं वाचायची. कुठूनतरी मधूनच सुरू व्हायचं, आणि मी आत.

त्यातली एक कादंबरी मी चुलीत जाऊ दिली नाही. होडीनं गावोगाव मीठ विकत फिरणाऱ्या बाईची. प्रत्येक दारात ती आपलं गाव वेगळं सांगते. कुठं म्हणते, माझे चार भाऊ आहेत. कुठं म्हणते, मला कुणीच नाही. ती वाचताना माझा भात करपला. आई मारायला आली आणि थांबली. "काय लिवलां गो त्यात एवढा?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनंच विचारलं, "मगे? त्या बायचा काय झाला?" तेव्हापासून आम्हा दोघींचं ते सुरू झालं. मी वाचायची, ती मासळी साफ करता करता ऐकायची. मीठवालीची थाप पकडली जायची वेळ आली की ती सुरी खाली ठेवायची. इतकं सुख आमच्या घरात दुसरं नव्हतं.

ती कादंबरी मी सांगणार होते.

पडवीत वयनींनी माझ्या हातात चहाचा ट्रे दिला. "बरी आलीस. आवयक एकटीक जमना." मी आईकडे बघितलं. ती हळूच म्हणाली, "घे गो. आज तमाशो नाका." मी घेतला. साडीचा पदर खोचला आणि वाचकांना चहा दिला. मास्तरांनाही दिला. त्यांनी कप घेतला, माझ्याकडे बघितलं नाही.

एकेकानं आपली कादंबरी सांगितली. सगळे बसून बोलत होते. माझं नाव आलं तेव्हा मी दाराशी ट्रे धरून उभी होते. कुणी खुर्ची दिली नाही. मी उभ्यानंच मीठवाली सांगायला लागले.

म्हापशाहून आलेल्या एका वकिलांनी मध्येच विचारलं, "नाव काय कादंबरीचं?"

"ठाऊक नाही."

"लेखक?"

"तेही नाही."

"मग आवडती कशी? की तूच रचलीस?"

लोक हसले. मला वाटलं, खरं सांगितलं की थांबतील. म्हणून सांगितलं. पुठ्ठे चुलीत गेले, पहिली पानंही गेली. ते आणखी हसले.

"आमचीच ती पुस्तकं," वयनी म्हणाल्या. "फेकलेलं उचलून न्यायची सवय त्यांना. असो. कप घे गो आता."

पडवी भिंतीपलीकडेच होती. आई ऐकत होती.

मी ट्रे जमिनीवर ठेवला. म्हटलं, "मला बोलायला बोलावलंय. माझं बोलणं संपलेलं नाही. कप मी उचलणार नाही."

मास्तर चष्मा पुसत राहिले. मग आई बाहेर आली. पदराला हात पुसत, कुणाकडेही न बघता तिनं एकेक कप गोळा केला. वकिलांनी पाय बाजूला घेतले, तिला वाकता यावं म्हणून.

मी पुढच्या पायऱ्या उतरून निघून आले. एकटी.

आई संध्याकाळी घरी आली. मला वाटलं, रागावेल. ती म्हणाली, "मीठवाली तू नीट सांगूकच नाय. मधीच सोडलंस."

"उद्या जाशील तिकडे?"

"जातलंय. घर कोणाच्या जमनीत आसा?"

तेव्हा मला कळलं. माझ्या डिग्रीला तिथं किंमत नव्हती, वाचनालाही नव्हती. पायाखालची जमीन त्यांची होती तोवर मी त्यांच्या सोप्यावर उभीच राहणार होते, आणि माझ्या वाट्याचे कप आई उचलणार होती. ती वाकलेली पाठ मला अजून दिसते. अजून मान खाली जाते. कुणी म्हणतं, विसर आता. मी विसरणार नाही. विसरले तर उद्या दुसऱ्या कुणाच्या सोप्यावर मी पुन्हा ट्रे धरेन.

मी शिक्षिकेची नोकरी धरली. पहिला पगार हातात पडला त्या दिवशी आईचं तिथलं काम बंद केलं. मुंडकाराला राहतं घर आणि त्याखालची जमीन विकत घेण्याचा हक्क कायद्यानं आहे; पेडण्याला मामलेदाराकडे तो दावा लावला. वयनींनी निरोप धाडला, "इतकी वर्षां ऱ्हावंक दिलां, तेची ही परतफेड?" मी उलट निरोप धाडला नाही. तारखेला जात राहिले. बाबा घाबरायचे, आई यायची. त्या बैठकीचं आमंत्रण मास्तरांनी पुन्हा दिलं. मी गेले नाही. कधीही जाणार नाही.

दाव्याचा निकाल आमच्या बाजूनं लागला. घर आणि घराखालची जमीन आईच्या नावावर झाली. आता आमच्याच सोप्यावर वाड्यावरच्या बायका जमतात, आणि मला एखादी कादंबरी का आवडली ते मी तिथं सांगते. बसून सांगते.