तळ्याला दिलेला मान

तुम्हाला पत्र लिहायला तीनदा बसले आणि तिन्ही वेळा दुसऱ्याच ओळीत माफी मागायला लागले. माफीचा तुम्हाला वीट आलाय हे मला ठाऊक आहे. आमच्या समितीने ती तुमच्या वाट्याला पोतंभर ओतलेली आहे. तेव्हा ती नको. झालं कसं तेवढं सरळ सांगते. सांगताना तुम्हाला 'ती' म्हणणार आहे आणि स्वतःला 'चिटणीसबाई', कारण 'मी' म्हटलं की माझा हात आपोआप माझ्याच बाजूने चालतो. मुलीकडून वाचून घ्या. चुकलं तर तिथेच थांबवून शिव्या द्या, तिला काही त्या नव्या नाहीत.

गावात तिला सगळे खुर्चीवाली म्हणत. कोर्टातल्या, वाचनालयातल्या, दवाखान्यातल्या, झाडून साऱ्या लाकडी खुर्च्यांच्या बैठका तिच्या हातच्या. पाणकणसाची लांब पानं ओल्या गोणपाटात गुंडाळून मऊ करायची, दोन-दोन पानांना एकत्र पीळ द्यायचा, एका कोपऱ्यावरून आत, दुसऱ्यावरून बाहेर, असं करत चारी बाजूंनी मध्याकडे यायचं. आतल्या पोकळीत तुकडे कोंबायचे, पाचरीने ठोकायचे. एका खुर्चीला दीड दिवस लागे आणि बैठक वीस वर्षं टिके. "बसणारे बदलतात, बैठक नाही," असं ती कोर्टाच्या कारकुनाला म्हणाली होती, आणि तो हसला नव्हता, कारण त्याची बदली चालली होती.

पानं यायची गावाच्या उत्तरेच्या तळ्यातून. तिचे लोक त्या तळ्याकाठी राहत होते, गाव वसण्याच्या कितीतरी आधीपासून. मग गावाला नळाचं पाणी हवं झालं. पाणीखात्याने काठ ताब्यात घेतला आणि तिच्या आजोबांच्या पिढीला गाड्यांत भरून गावाच्या दुसऱ्या टोकाला, वीटभट्टीच्या मागे नेऊन ठेवलं. साठ वर्षं झाली तरी गाव त्यांना 'तळ्याकाठचे'च म्हणतं. काठ घेतला, नाव तेवढं त्यांच्याकडे राहू दिलं. एक गोष्ट मात्र कुणी लिहूनही दिली नव्हती आणि कुणी मोडलीही नव्हती. उन्हाळा सरताना पानांची टोकं पिवळी पडली की वीसेक दिवस ते लोक विळे घेऊन तळ्यात उतरत, पानं कापत, मेलेला पाला उपसून काठावर टाकत आणि निघून जात. खात्याचा माणूस तेवढे दिवस तोंड फिरवून उभा राही. हळूहळू बाकीच्यांनी दुसरी कामं धरली. उरल्या दोघी, ती आणि तिची धाकटी जाऊ.

मग गावाला पश्चात्ताप झाला. आपल्याकडे पश्चात्ताप झाला की आधी समिती होते. हिचं नाव सलोखा समिती. अध्यक्ष पाणीखात्याचेच निवृत्त इंजिनिअर, कारण तळ्याची माहिती त्यांच्याइतकी कुणाला असणार. आणि चिटणीस एक निवृत्त प्राध्यापिका, इतिहासाच्या. बाईंनी या विषयावर भाराभर वाचलं होतं. तळ्याचं पाणी पायाला कधी लागलेलं नव्हतं.

चिटणीसबाई अठरा प्रश्नांची यादी घेऊन तिच्या घरी गेल्या. ती खोलीच्या मधोमध खुर्ची गुडघ्यांत आडवी धरून बसली होती, एक पान दातांत.

"तळं तुमच्यासाठी काय आहे?" बाईंनी विचारलं.

"तळं आहे."

"म्हणजे भावनेच्या अंगाने विचारतेय."

तिने तोंडातलं पान काढलं. "बाई, पानं वाळतायत. पिळता पिळता बोललं तर चालेल ना?"

"अगदी. मग, पवित्र म्हणता येईल का?"

चुलीपाशी बसलेली जाऊ म्हणाली, "म्हणू द्या की त्यांना. आपलं काय जातंय."

"म्हणा," ती म्हणाली.

"त्याची नासधूस होऊ नये असं तुम्हाला मनापासून वाटतं?"

"नासधूस व्हावी असं कुणाला वाटतं?"

"म्हणजे वाटतं," बाई म्हणाल्या, आणि लिहून घेतलं.

खोलीत माळ्यापर्यंत पानांच्या जुड्या रचलेल्या होत्या. बाईंना बसायला जागा करण्यासाठी दोन जुड्या उचलून बाजूला ठेवाव्या लागल्या होत्या. पण ही पानं येतात कुठून, हा प्रश्न अठरांत नव्हता. निघताना बाईंनी वर कामही सांगितलं. समारंभासाठी सभागृहातल्या बारा खुर्च्या नव्याने विणून हव्यात, महिन्याभरात. तिने माळा रिकामा करून त्या विणल्या. कापणीचे दिवस जवळच आले होते, तेव्हा काळजीचं कारण नव्हतं.

समारंभात तिला व्यासपीठावर बसवलं, स्वतःच्याच खुर्चीवर. अध्यक्ष बोलले, ते छान बोलतात. ते म्हणाले की या गावाने तळ्याकाठच्या लोकांवर अन्याय केला, आता त्यांच्या पवित्र तळ्याचा मान गाव राखील, यापुढे तिथलं एक पानसुद्धा कुणी तोडणार नाही. टाळ्या पडल्या. सहलीला येऊन तुरे मोडून नेणाऱ्यांबद्दल चाललंय असं तिला वाटलं. ते लोक तिलाही आवडत नसत, म्हणून तिनेही टाळ्या वाजवल्या. घरी जाताना तिच्या हातात चौकटीतलं मानपत्र होतं. जावेने ते उलटं करून पाहिलं. "पाठीचा पुठ्ठा बरा आहे," ती म्हणाली.

पंधरा दिवसांनी दोघी विळे घेऊन तळ्यावर गेल्या. तळ्याभोवती छातीएवढं तारेचं कुंपण उभं होतं. फाटकाला कुलूप, शेजारी फलक: 'तळ्याकाठच्या लोकांच्या भावनांचा आदर म्हणून आत जाण्यास व तोड करण्यास मनाई आहे.' फलकावरचा मजकूर चिटणीसबाईंचा. शुद्ध आहे, त्याबद्दल वाद नाही. फाटकापाशी गणवेशातला राखणदार उभा होता. तो निघाला तिच्या थोरल्या भावाचा मुलगा, चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला.

"आत्या, आत जाता येणार नाही."

"कुणाच्या भावना रे या?" तिने फलकाकडे बोट केलं.

"आपल्या."

"मग माझ्या भावना कापायला आल्यात म्हण. उघड."

"आत्या, समितीने आपल्यातल्याच एकाला नोकरी द्यायची ठरवलं म्हणून मी लागलो. पहिल्याच आठवड्यात तुलाच आत सोडलं तर लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, घरचा माणूस आहे," जाऊ म्हणाली.

"तेच तर म्हणतील ना, काकू."

"इतकी वर्षं परका माणूस होता, तो बिचारा तोंड तरी फिरवायचा," ती म्हणाली.

"त्याला फिरवता येत होतं. आता तो बघ," त्याने मान न हलवता खांबावरच्या कॅमेऱ्याकडे डोळे नेले. "तो माझ्यावर आहे."

कुंपणच शेत खातं असं ऐकलं होतं. हे कुंपण स्वतः खात नव्हतं आणि दुसऱ्यालाही खाऊ देत नव्हतं.

ती तशीच, विळ्यासकट, चिटणीसबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. बाईंनी चहा विचारला, तिने नको म्हटलं.

"पान नाही तर मी विणू काय?"

"पण तुम्ही पवित्र म्हणालात."

"म्हणाले असेन. म्हणून हात लावायचा नाही होय? ज्याला हात लावायचा नाही ते परक्याचं, बाई. आपल्याला दर साली कापावं लागतं. नाही कापलं तर ते कुजतं."

चिटणीसबाईंना लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. पण त्यांची एक खोड होती. लाज वाटली की त्या विषय पत्रिकेवर घेत. हा विषय सातव्या क्रमांकावर लागला. आधीचे सहा, त्यांत फलकाचा रंग हा एक, एवढे लांबले की सातवा पुढच्या सभेला गेला, तिथून त्याच्या पुढच्या. एकदा तो चर्चेला आलाच, तेव्हा एका सदस्याने शंका काढली: एका व्यक्तीच्या धंद्यासाठी संपूर्ण समाजाच्या भावना दुखावणं योग्य होईल का? तो समाज त्या वेळी कोर्टाच्या व्हरांड्यात खुर्च्या मोजत होता. तिला कोर्टाने बोलावलं होतं, जुन्या खुर्च्या काढून प्लास्टिकच्या आणायच्या होत्या म्हणून.

पहिला हंगाम असा गेला, दुसराही. तिने नायलॉनच्या पट्ट्या आणून पाहिल्या. पट्टीला पीळ बसत नाही आणि पाचर लागत नाही. एक खुर्ची अर्ध्या दिवसात होई, म्हणून जाऊ खूश. "बरंच की, उरलेला दिवस मोकळा," ती म्हणायची. खुर्चीवालीला मात्र उरलेल्या दिवसाचं काय करावं कळेना. बोटांना सवय होती. कुणाशी बोलत बसली की पदराचं टोक पिळत राही. जावेने एकदा पदर ओढून काढला, "फाटेल की."

तिकडे मान राखलेलं तळं भराभर बिघडत होतं. न कापलेली पानं वाळून तिथेच पडली, त्यांत नवी घुसली, पाणी दिसेनासं झालं आणि जिथे दिसलं तिथे काळं होतं. बदकं यायची थांबली. वास गावात पोचला तेव्हा समितीने तज्ज्ञ बोलावला. तज्ज्ञाने पाच महिने घेतले आणि साठ पानांचा अहवाल दिला. एकेचाळिसाव्या पानावर शिफारस होती की उन्हाळ्याच्या अखेरीस, विळ्याने, निवडक पानं दरवर्षी कापावीत आणि मेलेला पाला उपसावा. सभेत सगळे थक्क झाले. अध्यक्ष म्हणाले, विज्ञान बघा कुठे गेलंय.

मग जाहिरात निघाली. या तळ्यात कापणी केल्याचा गेल्या दोन वर्षांतला अनुभव असलेला माणूस हवा, दाखल्यासह. जाऊ पोट धरून हसली. "गेल्या दोन वर्षांत जो आत गेला तो चोर. म्हणजे चोराला दाखला देणार कोण, तर आपला भाचा."

अर्ज एकही आला नाही. तेव्हा पाणीखात्याच्या नव्या अधिकाऱ्याने, जो समितीत नव्हता आणि म्हणून झटकन विचार करू शकत होता, चिटणीसबाईंना फोन केला. समितीने फक्त ना हरकत पत्र द्यावं, खुर्चीवालीबाई आणि चिटणीसबाई दोघींनी येऊन समोर सह्या कराव्यात, तो किल्ली देईल, यंदाचीच नव्हे, कायमची. तो मंगळवारी गावात असे. कापणीचे वीस दिवस सुरू होत होते आणि त्यांत तीन मंगळवार बसत होते.

बाईंनी तिला सांगितलं. तिने विळ्याला धार लावून घेतली आणि मुलीला निरोप धाडला की एवढ्यात काही येत नाही. मुलगी तिला दोन वर्षं आपल्याकडे बोलावत होती.

पहिल्या मंगळवारी पत्र तयार नव्हतं. अध्यक्षांनी लिहिलं होतं 'परवानगी'. चिटणीसबाई म्हणाल्या, परवानगी कसली, 'हक्क' म्हणा. यावर चार दिवस वाद झाला. बाई जिंकल्या. त्यांचंच बरोबर होतं, आजही आहे, फक्त मंगळवार गेला.

दुसऱ्या मंगळवारी पत्र तयार होतं, सहीशिक्क्यासकट. पण त्या दिवशी बाईंना परगावच्या एका परिसंवादात बोलायचं होतं. त्यांच्या समितीचं काम आदर्श मानलं जात होतं आणि विषय होता 'त्यांचं ऐकायचं कसं'. पत्र जावेच्या हाती देता आलं असतं, पण सही दोघींची हवी होती. बाईंनी हिशेब केला, अजून एक मंगळवार आहे. तिला कळवायचं गाडीत बसल्यावर आठवलं. ती कार्यालयात दहापासून बसून होती, विळा गोणपाटात गुंडाळून मांडीवर. अधिकाऱ्याने बसायला खुर्ची दिली ती तिने आधी उलटी करून पाहिली. "अजून दहा वर्षं काढेल," तिने त्याला सांगितलं. पाच वाजता शिपाई दारं लावायला आला, तेव्हा उठली.

तिसऱ्या मंगळवारी चिटणीसबाई पावणेदहालाच पोचल्या. साडेअकराला त्या वीटभट्टीमागे तिच्या घरी गेल्या. जाऊ दारात खुर्चीला नायलॉनची पट्टी ताणत बसली होती.

"उशीर झाला का?" बाईंनी विचारलं.

"परवा वारा सुटला. कणसं फुटून कापूस उडाला. आता पान जून झालं, पिळलं की तुटतं."

"मग त्या कुठे आहेत?"

"मुलीकडे गेली. तिथे बसून काय करणार देव जाणे, त्यांच्याकडे सगळ्या खुर्च्या लोखंडी." जावेने पट्टी दातांनी तोडली. "तुमच्यावर रागावली नाही हो. म्हणाली, बाईंना कामं फार."

हे वाक्य तुम्ही खरंच म्हणालात की जावेने मला टोचायला रचलं, ते मी विचारलेलं नाही. टोचलं मात्र बरोब्बर.

मी तशीच परत कार्यालयात गेले आणि माझी सही करून आले. पत्र आता त्या अधिकाऱ्याच्या खणात आहे, किल्लीशेजारी. तुमच्या सहीची जागा कोरी आहे. त्याला सांगितलं की पुढच्या उन्हाळ्यात दोघी येतो. तुम्हाला मात्र अजून विचारलेलं नाही, येता का म्हणून. हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं.