चार नंबरच्या शोकेसमधली हवा

आलेख त्या दिवशीही सकाळीच चढला. मी मोबाइल संचालकांच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "सर, चार नंबर पुन्हा वर गेलंय."

बोरस्ते सरांनी चष्मा न लावताच स्क्रीनकडे पाहिलं. "किती?"

"अठ्ठावन्न."

"आणि मुंबईला काय कबूल केलंय?"

"पंचेचाळीसच्या आत."

सरांनी मोबाइल माझ्याकडे परत सरकवला. उद्घाटनाच्या पत्रिका छापायला गेल्या होत्या.

मी नाशिकच्या एका छोट्या संग्रहालयात संवर्धक आहे. जुन्या वस्तू आहेत त्याहून जुन्या दिसू नयेत, यासाठी मला पगार मिळतो. दोन वर्षांपासून आमच्याकडे नूतनीकरण चाललंय. दारात रॅम्प झाला. कोठारात धूळ खात पडलेल्या वस्तूंचे फोटो वेबसाइटवर गेले. निवडक मूर्तींचं थ्री-डी स्कॅनिंग झालं, त्यामुळे आता कुणीही घरी बसून बोटाने मूर्ती गोल फिरवतो आणि देवाची पाठसुद्धा बघतो. पाठ बघून कुणाचं काय भलं होतं ते मला माहीत नाही, पण वेबसाइटवर लोक येतात आणि वरच्या ऑफिसला ते आवडतं.

धातूच्या मूर्तींच्या दालनात नव्या शोकेस बसवल्या. यात बाहेरची हवा सहजासहजी आत जात नाही. काचेच्या खाली वीतभर खोल ड्रॉवर असतो, त्यात सिलिका जेल. नव्या बुटांच्या खोक्यात पांढरी पुडी निघते ना, तेच; आमच्याकडे ते किलोने लागतं. ड्रॉवरच्या वरच्या फळीला भोकं असतात. त्यातून जेल काचेच्या आतल्या हवेतला दमटपणा शोषून घेतं. ब्राँझला दमटपणा सोसत नाही. हिरवी भुकटी धरते आणि ती मूर्तीला आत आत खात जाते. म्हणून प्रत्येक शोकेसमध्ये काडेपेटीएवढा डेटा लॉगर ठेवलेला असतो. तो हवेतला दमटपणा टक्क्यांत मोजतो आणि आकडे माझ्या मोबाइलवर पाठवतो. त्या आकड्यांची रेघ म्हणजे आलेख.

चार नंबरमध्ये तेव्हा एकच वस्तू होती. पिंपळगाव बसवंतच्या निरगुडे कुटुंबाचा देवीचा मुखवटा, तांब्याचा, वरून चांदीचा पत्रा. सचिन निरगुडे यांचं द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज आहे. घरात चोरीची धास्ती, म्हणून त्यांनी तो आमच्याकडे ठेवायला दिला होता. मी त्यांना शोकेस सविस्तर समजावली. ऐकून म्हणाले, "कळलं मॅडम. द्राक्षाला थंड अन् देवीला कोरडं." माझ्या अख्ख्या प्रेझेंटेशनमध्ये याहून जास्त काही नव्हतंच.

या मुखवट्याशेजारी मुंबईच्या एका मोठ्या संग्रहालयातली देवीची ब्राँझ मूर्ती यायची होती, उसनी. संग्रहालयं वस्तू उसन्या देतात, पण शेजारणीने वाटीभर साखर द्यावी तशा देत नाहीत. त्यांची अट होती: शोकेसचा महिनाभराचा आलेख सरळ हवा. तो सरळ नसला तर मूर्ती नाही. आणि मूर्ती नाही तर उद्घाटन कशाचं, हा बोरस्ते सरांचा प्रश्न होता. ते रिटायरमेंटला आले होते आणि हे दालन त्यांनी वरच्या ऑफिसशी भांडून मिळवलं होतं. त्यांच्या नोकरीत मागे दाखवण्यासारखं तेवढंच होतं, हे ते स्वतःच म्हणायचे.

महिना जवळजवळ सरळ गेला आणि शेवटी शेवटी रेघ बिघडली. रोज सकाळी चढायची, संध्याकाळपर्यंत थोडी उतरायची, दुसऱ्या दिवशी आणखी वर.

मी आधी लॉगर बदलला. नवा लॉगरही तेच सांगू लागला. मग शोकेस बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून बोलावला. त्याने काचेच्या कडेचं रबर तपासलं, गळती तपासली, सगळं ठीक निघालं. त्याने विचारलं, "मॅडम, जेल बघितलंत का?" मी जरा तिरसटपणेच सांगितलं की जेल मी स्वतः भरलंय, ताजं आहे. तो म्हणाला, बघायला काय जातंय. मी सिक्युरिटीच्या वैशालीताईंकडे ड्रॉवरची किल्ली मागितली. त्या विंचूरकडच्या, एरवी हाकेला ओ देणाऱ्या. त्या दिवशी त्यांना किल्ली सापडेना. मग खिशातच सापडली.

मी ड्रॉवर ओढला. जेलच्या पेट्या एका कडेला सरकवलेल्या होत्या. उरलेल्या जागेत पत्रावळीवर काळी माती, मधोमध बुटकं सुगड, आणि मातीत बोटभर वाढलेला पिवळसर गहू. वर हळदकुंकू.

नवरात्र चालू होतं. माझ्या शोकेसमध्ये कुणीतरी घट बसवले होते.

घट बसवणं म्हणजे काय ते वाचकांना माहीत आहे: देवीपुढे मातीत धान्य पेरायचं आणि रोज पाणी घालायचं. फक्त ते हवाबंद शोकेसमध्ये करत नाहीत. इंजिनिअर वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "हे आमच्या वॉरंटीत येत नाही."

वैशालीताई आपणहून बोलल्या. "मीच पाणी घालते मॅडम, सकाळी दालन उघडल्यावर. घट ताराबाई मावशीनी बसवलेत, पहिल्या दिवशी येऊन. ड्रॉवर मीच उघडून दिला. त्या निरगुडे सायबांच्या आई."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही नाय म्हणला असता."

ते खरं होतं.

सर आले. ड्रॉवर पाहिला आणि म्हणाले, "आजच्या आज काढा हे." मला म्हणाले. मी हाउसकीपिंगच्या सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणाला, आमच्या घरी घट आहेत, मला हात लावता येणार नाही. त्याने सफाईवाल्या बाईंना सांगितलं. त्यांनी कानाला हात लावले. दालन अजून बंद होतं, तरी बघायला निम्मा स्टाफ जमला होता, आणि प्रत्येकाच्या घरी घट होते. सर स्वतः नवरात्रात अनवाणी असतात. ते तसेच अनवाणी उभे राहून म्हणाले, "मॅडम, तुम्हीच करा. तुमचं हे सायंटिफिक काम आहे."

मी देवभोळी नाही. इंदिरानगरला आमच्या घरी घट सासूबाई बसवतात, मी फक्त फराळाला बसते. मी ड्रॉवरच्या मुठीवर हात ठेवला आणि मला ते जमलं नाही. भीती वाटली असं नाही, वाईट वाटलं. ते कोवळे गहू कुणीतरी रोज जपून वाढवले होते. मी ड्रॉवर बंद केला आणि सचिनरावांना फोन लावला.

ते आईला घेऊनच आले. वाटेत त्यांनी आईला बरंच ऐकवलेलं दिसत होतं. ताराबाई थेट चार नंबरपाशी गेल्या, नमस्कार केला आणि माझ्याकडे वळल्या. सरांनी त्यांना सगळं नीट सांगितलं. मुंबईची मूर्ती, अट, आलेख. घट सन्मानाने बाहेर टेबलावर ठेवू म्हणाले. शिवाय गव्हाला गार लागू नये म्हणून एसी बंद करू म्हणाले.

ताराबाईंनी ऐकून घेतलं. "पोरानी इचारलं, देवी ठिवायला देऊ का. मी हो म्हणलं. तिचं नवरात्र मोडायला कुठं हो म्हणलं व्हतं?"

"मोडत नाही हो मावशी, जागा बदलतोय फक्त."

"घट बसले का दसऱ्यापोहत हालवत नाय, साहेब. तुमच्या घरच्यांना इचारा. माझ्या सासूनी हे माझ्या हाती दिलंय, एक वर्सबी खंड नाय. आता माझ्या हातानी कसं हालवू?"

सर माझ्याकडे बघत होते आणि मी आलेखाकडे. दोन्ही गोष्टी एका शोकेसमध्ये होणार नव्हत्या, हे तिथे उभ्या सगळ्यांना कळलं होतं. शेवटी सर म्हणाले, "राहू द्या." आणि केबिनमध्ये निघून गेले.

थोड्या वेळाने त्यांनी मला आत बोलावलं. बिघडलेल्या दिवसांच्या जागी आधीचे आकडे टाकता येतील का, असं विचारलं. येतात, मी म्हटलं, पण मी टाकणार नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मी मुंबईच्या रजिस्ट्रार सबनीस मॅडमना खरं काय ते लिहिलं आणि सोबत गव्हाचा फोटो जोडला. रजिस्ट्रार म्हणजे वस्तू कुठे, कुणाकडे आणि कशा अवस्थेत आहे, याचा हिशोब ठेवणारी व्यक्ती. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं. प्रामाणिकपणाबद्दल आभार. महिनाभराची नोंद नव्याने पाठवा.

मुखवट्याला त्या दमट हवेने काही झालं नाही. पिढ्यान्‌पिढ्या धूप आणि हळद सोसलेली चांदी ती. दसऱ्याला ताराबाई आल्या, घट उठवले, आणि गव्हाचे तुरे सगळ्यांना वाटले. सरांनी आपला तुरा शर्टाच्या खिशात खोचला. वैशालीताईंची नोकरी राहिली, किल्ली मात्र माझ्याकडे आली. निरगुडेंच्या करारात एक कलम वाढलं: नवरात्रात मुखवटा घरी जाईल, विम्यासकट.

उद्घाटन ठरल्या दिवशीच झालं, मूर्तीशिवाय. तिच्या जागेवर 'लवकरच' अशी पाटी होती. पाहुण्यांनी फीत कापली, पाटी वाचली आणि चहा घेतला. त्या दिवशी सरांचा चेहरा बघवत नव्हता. नंतर कित्येक दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. मला त्याचा त्रास झाला. आकडे बदलले नाहीत याचा झाला नाही.

पुढचा महिना रेघ सरळ राहिली. सबनीस मॅडम स्वतः मूर्ती घेऊन आल्या. उसन्या वस्तूबरोबर माणूस येतो, तसा नियमच आहे. पेटी उघडली. मूर्ती फार देखणी होती. आम्ही ती मुखवट्याशेजारी बसवली. सर मागे हात बांधून बराच वेळ बघत उभे होते.

वैशालीताईही दारातून आत आल्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, "मॅडम, हिचे घट तुमच्याकडे कोण बसवतं?"

सबनीस मॅडम क्षणभर गोंधळल्या. "कुणी नाही. ही कुणाच्या घरातली, ते आम्हाला माहीत नाही."

तेव्हापासून वस्तू ताब्यात घेताना मी फॉर्ममध्ये एक रकाना जास्त ठेवते: वर्षभरात या वस्तूचं घरी काय काय करतात? लोक तो भरभरून लिहितात, कधी मागच्या बाजूलाही. नियमाप्रमाणे मुंबईच्या मूर्तीचाही फॉर्म भरावा लागला. तिच्या त्या रकान्यात मी एक आडवी रेघ मारली.