ट्रान्सफरमधला 'फर'

मोशीहून महाळुंग्याला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसायची. तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवायची. आमची ओळख बसपुरती. नावं विचारायची राहूनच गेली. तिला स्वस्थ बसवत नसे. पर्सची चेन सतत उघडायची, लावायची, आणि कंपन्यांच्या पाट्यांवरचे इंग्रजी शब्द फोडून त्यांचे जुने अर्थ मला हौसेनं सांगायची.

एकदा तिच्या नवऱ्याचा फोन आला. त्याची कंपनी त्याला गुजरातला पाठवत होती. गुडघ्यांनी अधू झालेल्या सासूबाईंना सांभाळत हिनं इथंच राहावं, असं त्याचं म्हणणं. फोन ठेवून ती उठली, पुन्हा बसली.

"ट्रान्सफर," ती म्हणाली. "यातला 'फर' लॅटिनमधला. म्हणजे वाहून नेणं. ट्रान्सफर म्हणजे पलीकडं नेणं. सोसण्याला इंग्रजीत सफर म्हणतात ना, तोही त्यातलाच. खालून पेलून धरणं. आपला 'भार'सुद्धा त्याच घराण्यातला."

"मग काय ठरवलंत?"

"ह्यांनीच ठरवलंय. ते पलीकडं जाणार, खालून पेलायचं मी."

चेन उघडली, लावली. मग तिनं एकदम फोन लावला. "हे बघा, जायचं तर तिघांनी जायचं. आईंना मी सांभाळते, पण तुमच्याशिवाय नाही."

पलीकडचं बोलणं लांबतच गेलं. तिचा स्टॉप आला, गेला. ती दांडी धरून उभीच.

"बरं," ती अखेर फोनवर म्हणाली. "पण तळमजल्यावरचं घर बघा. आईंना जिना नको."