भसाड्याची पेटी

तानसेन होणं प्रत्येकाच्या नशिबात नसतं, पण कानसेन व्हायला कुणाची हरकत नसते, असं म्हणतात. या गृहस्थांना तर सगळे कानसेन याच नावाने ओळखत. धंदा पंपदुरुस्तीचा. इमारतीतला पाण्याचा पंप कुरकुरायला लागला की रखवालदार त्यांना बोलावून आणायचा. ते तळघरात उतरायचे, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगावर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. मग सांगायचे, बेअरिंग गेलंय, किंवा पंपाला काही झालेलं नाही, पाइपचा क्लॅम्प सैल आहे. बहुतेक वेळा तेच निघायचं.

घरी आल्यावर हेच कान एका रॉक गायकाच्या सेवेला रुजू व्हायचे. त्या गायकाचा आवाज असा, की पत्र्यावरून कुणी खडी ओढतंय. कानसेनांच्या बायकोने लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव भसाड्या ठेवलं आणि घरात तेच रूढ झालं. ती वाचनालयात कामाला होती. दिवसभर हळू बोलून बोलून तिचा आवाज कायमचाच मऊ झाला होता. भसाड्या गायला लागला की आपल्याला वाटतं शेजारी कपाट सरकवतायत, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मुलगी मात्र बापाच्या मांडीवर बसून भसाड्या ऐकतच मोठी झाली.

भसाड्याच्या पहिल्या रेकॉर्डला चाळीस वर्षं झाली तेव्हा कंपनीने एक जंगी पेटी काढली. त्याच्या सगळ्या जुन्या रेकॉर्ड मूळ टेपांवरून नव्याने काढलेल्या, शिवाय कधी बाहेर न आलेली गाणी, एका कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण, जाडजूड चित्रांचं पुस्तक आणि वर भसाड्याच्या सहीचा कागद. किंमत ऐकून बायकोने हातातलं पुस्तक मिटलं. पण मुलगी आता घरांचे नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत चांगली स्थिरावली होती. पेटी आपण बाबांना घेऊन देणार, असं तिने जाहीर केलं. फक्त एक अट घातली.

"आधी दुकानात जाऊन नीट ऐका. घेण्यासारखी आहे म्हणालात तर घेऊ. नुसते खोक्यावर भाळू नका."

रेकॉर्डच्या दुकानाचा मालक कानसेनांचा जुना मित्र. त्याला सगळे तबकडीवाला म्हणत. दुकान अरुंद, दोन्ही बाजूंना छातीपर्यंत रेकॉर्डचे खण, मागे एक उंच स्टूल आणि ऐकायचं यंत्र. गिऱ्हाइकांनी पाहावं म्हणून त्याने एक पेटी उघडून ठेवली होती. कानसेनांनी हात पँटला पुसले आणि झाकण उचललं.

ते पहिल्या रेकॉर्डवरच्या दुसऱ्या गाण्यापासून सुरू करणार हे ठरलेलंच होतं. त्या गाण्यात एक जागा आहे. सगळी वाद्यं थांबतात, फक्त पायाने वाजवायचा मोठा ढोल चालू राहतो, आणि प्रत्येक ठोक्याच्या अलीकडे ढोलाच्या पेडलची बारीकशी कुई ऐकू येते. पेडलला तेल घालायला कुणीतरी विसरलं होतं. यंत्रात जन्म गेलेल्या कानसेनांना ती कुई गाण्याहून प्यारी होती. तेवढ्या एका आवाजावरून त्यांना ती खोली, ते वाजवणारे, त्यांची घाई, सगळं समोर दिसायचं.

ती जागा आली आणि गेली. कुई नव्हती.

त्यांनी सुई उचलून पुन्हा मागे ठेवली. पुन्हा नाही. बाकीचंही सगळं त्यांना गोधडीखालून आल्यासारखं वाटलं. तबकडीवाल्याने विचारलं, तर ते म्हणाले, "घासूनपुसून गाण्याचा जीव घेतलाय रे यांनी. साबण लावून धुतलंय." तबकडीवाल्याला स्वतःला तसं वाटलं नव्हतं, पण कानसेनांचा शब्द म्हणजे शेवटचा. त्याने खिन्न होऊन पेटी बंद केली आणि मागवलेल्या बाकीच्या पेट्या परत पाठवाव्यात का, यावर विचार करत बसला.

घरी येईपर्यंत कानसेनांचा राग चांगलाच तापला होता. मुलीला त्यांनी शेजारी बसवलं आणि आपली जुनी, कडा पिवळ्या पडलेली रेकॉर्ड काढली. आता ऐक, म्हणाले, खरं कसं होतं ते. सुई टेकली. दुसरं गाणं लागलं, वाद्यं थांबली, ढोल सुरू झाला.

कुई तिथेही नव्हती.

कानसेनांनी मुलीकडे पाहिलं. ती मान डोलावत होती. "येतंय की कुईकुई," ती म्हणाली. "मस्त येतंय. आणि हे नव्यात काढून टाकलं?"

त्यांच्या पायाखालची वाळू सरकली. ते हो म्हणाले आणि रेकॉर्ड थांबवून हात धुवायच्या निमित्ताने आत गेले. रेकॉर्ड जुनीच, यंत्र तेच, पोरीला ऐकू येतंय. मग राहिलं काय?

त्या दिवसापासून ते स्वतःवर लक्ष ठेवू लागले. मागच्या कितीतरी गोष्टी आठवायला लागल्या. बायको अलीकडे प्रत्येक वाक्य दोनदा बोलत होती. टीव्हीच्या आवाजावरून शेजारी एकदा दारात येऊन गेले होते. आणि सगळ्यांत जास्त आठवत होते वडील. वडिलांना उतारवयात ऐकू येईनासं झालं होतं. ते माणसांत बसायचे, सगळे हसले की अर्धा क्षण उशिराने हसायचे, आणि पुढे पुढे तेही सोडून दिलं. कोडं एकच होतं. कामावर काहीच बिघडलं नव्हतं. स्क्रू-ड्रायव्हर लावला की पंप पूर्वीसारखाच स्वच्छ बोलत होता. त्या एका गोष्टीचा आधार धरून त्यांनी ठरवलं, कुणाला काही सांगायचं नाही.

पण बायकोपासून काय लपणार! एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता तिने सांगितलं, की वाचनालयातल्या तिच्या मैत्रिणीची आई गेली. कानसेन प्रसन्न हसले आणि म्हणाले, "अरे वा, छान झालं."

बायकोने सुरी खाली ठेवली. त्यांच्या समोर येऊन बसली आणि ओठ स्पष्ट हलवत म्हणाली, "उद्या आपण कानाच्या डॉक्टरकडे जातोय. आणि त्या पेटीबद्दल बोलाल, तर ऐकू येईना नि रेकॉर्ड वाकडी, असं झालंय तुमचं." मग तिने त्यांचा हात हातात घेतला, कारण त्यांचा चेहरा फारच उतरला होता.

डॉक्टरीणबाई त्यांच्या मुलीहून थोड्याच मोठ्या असाव्यात. त्यांनी आधी काय होतंय ते सगळं विचारून घेतलं. मग धातूचा एक चिमटा टेबलाच्या कडेवर हलकेच आपटून कानाजवळ धरला. कानसेनांना काहीतरी पुसट गुणगुणल्यासारखं वाटलं. मग बाईंनी तो थरथरता चिमटा कानामागच्या हाडावर टेकवला, आणि कानसेन दचकले. आवाज डोक्यात भरून राहिला, घंटेसारखा.

"अहो, हा तर माझा स्क्रू-ड्रायव्हर," ते म्हणाले.

बाईंना कळेना. मग त्यांनी पंप, मूठ आणि हाड, सगळं समजावून सांगितलं. बाईंना गंमत वाटली. म्हणाल्या, "म्हणून तुम्हाला कामावर काही जाणवलं नाही. हाडातून गेलेला आवाज थेट आतल्या कानाला भेटतो. तुमचा आतला कान शाबूत दिसतोय. अडचण दारातच आहे." त्यांनी दिवा लावून दोन्ही कानांत डोकावून पाहिलं. "आणि दाराला चांगलं बूच बसलंय."

बूच म्हणजे मळ. कारखान्यांतले पंप दुरुस्त करताना मोटारींचा गोंगाट असायचा म्हणून कानसेन वर्षानुवर्षं कानात कापसाचे बोळे कोंबत आले होते, आणि रात्री काडीने कान साफ करत होते. प्रत्येक वेळी थोडा मळ आत ढकलला जाऊन त्याचा दगड झाला होता. बाई म्हणाल्या, आधी थेंब घालून मऊ करू, मग काढू, आणि त्यानंतर पूर्ण तपासणी करू. तोवर मी कसलंच आश्वासन देत नाही.

मधले दिवस कठीण गेले. बायको सकाळ-संध्याकाळ त्यांना उशीवर आडवं करून कानात थेंब घालायची. थेंबांमुळे कान आणखीच बंद झाले आणि कानसेन पाण्याखालच्या माणसासारखे घरात वावरू लागले. मुलीला आता सगळं कळलं होतं. ती कागदावर गमतीचे निरोप लिहून त्यांच्यासमोर धरायची. ते हसायचे, पण मनात वडीलच.

ठरल्या दिवशी बाईंनी कोमट पाण्याची पिचकारी मारली. एका कानातून जे बाहेर पडलं ते पाहून कानसेन ओशाळले. पण लगेच ते ओशाळणं विसरूनही गेले, कारण पंखा सुरू झाला होता. म्हणजे पंखा मघापासून सुरूच होता. बायकोने पिशवीची चेन ओढली तो आवाज त्यांना कापड फाटल्यासारखा मोठा वाटला. बाहेर कुणीतरी पानं चाळत होतं. दुसरा कान मोकळा झाला तेव्हा त्यांनी बायकोला काहीतरी बोल म्हटलं.

"काय बोलू?" ती तिच्या त्या मऊ आवाजात म्हणाली.

"एवढंही पुरे," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

मग बंद खोलीतली तपासणी झाली. कानांवर हेडफोन, हातात बटण. अगदी वरच्या पट्टीतलं थोडं कमी झालं होतं, तेवढं वयाने होणारच, बाई म्हणाल्या. बाकी उत्तम. कापसाऐवजी कान झाकायची टोपणं वापरा आणि काड्या फेकून द्या. बाहेर पडल्यावर बायकोने मोठा श्वास सोडला. तिचाही जीव आत्ता कुठे भांड्यात पडला होता. इतके दिवस तिने भीती चेहऱ्यावर दिसू दिली नव्हती.

तिथून ते घरी गेलेच नाहीत. थेट दुकानात गेले आणि तबकडीवाल्याला म्हणाले, "पेटी काढ. मागचा माझा निकाल रद्द. दोष तुझ्या पेटीत नव्हता, माझ्या कानात होता." तबकडीवाल्याने नशिबाने काही परत पाठवलं नव्हतं, आळसाने त्याला वाचवलं होतं. बायको खणाला टेकून उभी राहिली.

कुई होती. जुन्या रेकॉर्डपेक्षाही स्वच्छ होती. कंपनीने काही धुतलं नव्हतं. उलट काच पुसल्यासारखं केलं होतं. कानसेनांनी ते मोकळेपणाने कबूल केलं. मग त्यांनी स्टुलावर बैठक मारली आणि पेटीतलं सगळं एकेक करून पाहिलं-ऐकलं. कधी बाहेर न आलेली म्हणून जी गाणी होती, त्यांत एकच गाणं जरा जलद आणि जरा संथ असं वेगवेगळ्या नावांनी घातलं होतं. पुस्तकातली निम्मी चित्रं जुन्या वेष्टनांवरचीच, मोठी केलेली. सहीचा कागद छापील. कार्यक्रमाची रेकॉर्ड तेवढी सोन्यासारखी होती. भसाड्या मधेच शब्द विसरतो, समोरची माणसं गाणं पुढे नेतात आणि तो नुसता हसत राहतो.

संध्याकाळी मुलगी घरी आली तेव्हा निकाल तयार होता. घ्यायची नाही.

मुलीला संशय आला. "खरं सांगताय ना? की माझे पैसे वाचवताय?"

"खरं सांगतोय. आवाज चोख आहे, त्याला नाव ठेवायला जागा नाही. पण पेटीतल्या बहुतेक रेकॉर्ड आपल्या कपाटात आहेत, आणि चांगल्या आहेत. एका रेकॉर्डसाठी अख्खं कपाट कशाला विकत घ्यायचं?" ते थांबले आणि म्हणाले, "त्या दिवशी ऐकू येत नव्हतं म्हणून नको म्हणत होतो, हे कळल्यावर घाबरलो होतो. आज ऐकून नको म्हणतोय. फार बरं वाटतंय."

मग ते कुठली गाणी का निरुपयोगी, यावर जेवण होईपर्यंत बोलत राहिले, आणि मुलीचा विश्वास बसला.

कार्यक्रमाची ती रेकॉर्ड दुकानात केव्हाही येऊन ऐक, असं तबकडीवाल्याने सांगितलं होतं. सुट्टीच्या दिवशी तिघंही गेले. बायको पहिल्यांदाच पूर्ण रेकॉर्डभर बसली, आणि शेवटी इतकंच म्हणाली, की तुमच्या कानांचं झालं, आता या माणसाचा घसा दाखवा कुणाला तरी. तबकडीवाला खो खो हसला. ती हे बोलली होती यंत्र चालू असताना, खणाच्या पलीकडून, तिच्या नेहमीच्या आवाजात, आणि कानसेन सगळ्यांच्या आधी हसले होते.