पाटीवरचा अ

चहा बशीत ओतून थंड करायचा, पुन्हा कपात भरायचा आणि मग प्यायचा. ब्रश पँटच्या मागच्या खिशालाच पुसायचा. रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायच्या आणि चुकलेल्या वेलांटीपाशी थांबून चुकचुकायचं. कुणी अक्षराची स्तुती केली की म्हणायचे, "सुंदर राहू दे, वाचता येतंय ना?"

आमच्या वस्तीत त्यांना सगळे पेंटरकाका म्हणत. मी साहित्यात पदवी घेतल्यापासून ते मला 'साहित्यिक' अशी हाक मारायचे, थोडी चेष्टेने, थोडी कौतुकाने.

वस्तीला लागून रसायनांचा कारखाना आहे. तिथल्या सगळ्या पाट्या काकांच्या हातच्या. त्यांची मुलगी तिथेच ऑफिसात हंगामी होती.

कारखान्याने सामाजिक जबाबदारी म्हणून वस्तीसाठी बोअर मारली, उंच टाकी बांधली, नळ बसवले. पाण्याला वास येत होता. तपासणीत ते नापास झालं. शुद्ध करणारं यंत्र येईपर्यंत थांबायचं ठरलं आणि काकांनी टाकीवर पाटी रंगवली : हे पाणी पिण्यास अयोग्य आहे.

यंत्राच्या आधी उद्घाटनाची तारीख आली. मॅनेजरांनी काकांना बोलावलं. मी सोबत होतो.

"काका, एकच अक्षर पुसायचंय. अयोग्यमधला अ."

काका हसले. "साहेब, अर्थच उलटा होईल."

"फोटोपुरतं हो. पाहुणे गेले की परत काढा. नळ बंदच ठेवू."

"मग पाटीवर कापड टाका की."

"झाकलेली पाटी फोटोत काय सांगणार?" मॅनेजर थांबले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मुलीला कायम करायचं चाललंय ना?"

काकांनी अ पुसला.

घरी काकूंनी ताट जरा जोरातच ठेवलं. "जन्मभर लोकांच्या वेलांट्या काढल्यात. आणि आज स्वतःचंच अक्षर खाल्लंत?"

"उद्या परत काढतो गं."

उद्घाटनाला नळ सोडले. पाहुण्यांनी ओंजळ धरली, फोटो निघाले. पाणी कुणी तोंडाला लावलं नाही. नंतर नळ बंद करायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. काका रंगाचा डबा घेऊन गेले तर मॅनेजर म्हणाले, "राहू द्या, मुख्य कार्यालयाची माणसं यायची आहेत अजून."

परत येताना काकांनी पाहिलं, नळावर रांग लागली होती. ते धावले. "ओता ते! पिऊ नका कुणी!"

शेजारची बाई हंडा कमरेवर घेऊन हसली. "काका, चेष्टा करता काय? वर तुमच्याच हातचं लिहिलंय. तुमच्या अक्षरावर भरवसा नाही ठेवायचा, तर कुणाच्या?"

"मीच खोटं लिहिलंय," काका म्हणाले.

काहींनी भांडी ओतली. काहींना वाटलं, म्हाताऱ्याचं कंपनीशी काहीतरी बिनसलंय. ती बाई हंडा घेऊन घरी गेली.

त्याच आठवड्यात वांत्या सुरू झाल्या. त्या बाईची धाकटी दवाखान्यात गेली, ती परत आली नाही. मॅनेजर म्हणाले, "पाण्यामुळेच झालं कशावरून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काका शिडी घेऊन टाकीपाशी गेले. पुढचं मला वॉचमनने सांगितलं. तो सांगताना खालीच बघत होता.

"काका, परवानगी नाही."

"पुसायला होती ना? काढायला लागत नाही."

"मला शिडीला हात लावता येणार नाही. नोकरी जाईल माझी."

"नको लावूस. तू तिकडे तोंड कर."

वॉचमनने तोंड फिरवलं. डबा आपटल्याचा आवाज आला तेव्हा त्याने वळून पाहिलं.

कारखान्याने पत्रक काढलं : एक बाहेरचा कामगार विनापरवाना टाकीवर चढला होता, त्याच्या निधनाचं कंपनीला दुःख आहे. काकांच्या मुलीने ते ऑफिसात स्वतः टाइप केलं. ते दुसऱ्या कुणाला द्यावं असं कुणाला सुचलं नाही, तिलाही नाही.

नळांना आता कुलूप आहे. पाटी तशीच आहे. अच्या डाव्या अंगाचे दोन वळसे काढून झालेत. खालून पाहिलं तर तीनचा आकडा वाटतो. मधली रेघ आणि उभा काना काढायचा राहिला.