सुनेच्या नावाची डबी

"थुंकायचंच हाय तर तुझ्या दारात येऊन थुंकीन!"

आक्काचं माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी आशा कार्यकर्ती. गुंदच्या आसपासच्या वाड्यांवर जुना खोकला असलेली माणसं शोधत फिरते. शिव्या देणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण ती कधीतरी दमतात. आक्का दमायची नाही. मला पाहिलं की काम नसलं तरी कोयता हातात घ्यायची.

तिची सून बरेच दिवस खोकत होती. सकाळी उठल्याबरोबर खोलवरचा बेडका काढ, असं समजावून मी सुनेच्या हातात डबी दिली. दुसऱ्या दिवशी डबी आणून दिली ती आक्कानं.

"घे. लावणी तोंडावर आलीया. सुनेला निजवून ठिवायला येळ न्हाई मला."

जोयड्याच्या दवाखान्यातलं नवं मशीन दोनेक तासांत सांगतं. दुपारीच फोन आला, टीबी आहे. मी तशीच गेले. ऐकून सून खांबाला टेकली. आक्का मात्र मोठ्यानं हसली.

"खोटं हाय तुझं मशीन! त्यो बेडका तिचा न्हवंच. हिला काय न्हाई असं यावं म्हणून मीच थुंकलो त्यात!"

बोलली आणि हसू तोंडावर तसंच राहिलं.

सून पुढं झाली आणि आक्काच्या मांडीवरचं लेकरू उचलून घरात गेली.

सुनेची तपासणी आम्ही नव्यानं केली. तिला काही निघालं नाही. तरी लेकराला घेऊन ती खानापूरकडं माहेरी गेली. "आदी माझ्या नावानं थुंकल्या, आता माझ्या लेकराच्या तोंडावर खोकतील," म्हणाली. मागोमाग आक्काचा मुलगाही गेला.

आक्काला गोळ्या द्यायला मी जात राहिले. "बघ, गिळली. झाली तुझी नोकरी. नीघ."

एकदा अंगणात बसले होते. आक्का एकदम खेकसली, "तिकडं सर गं! वारा तुझ्याकडं हाय. पोरं बारकी हायत तुझी."

औषधं संपली. शेवटच्या तपासणीत काही आढळलं नाही. सांगायला गेले.

"सुनेला कळवलंस?"

"व्हय आक्का. येणार न्हाई म्हणाली."

आक्कानं खालच्या शेताकडं तोंड फिरवलं. मग म्हणाली, "आता तू तरी कशाला येशील?"

मी पायरीवर बसले. तिनं चहा विचारला नाही. हाकललंही नाही.